हिच आधी घसरते, मग आवळते: वेढे वाढवण्याआधी काय तपासावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो. झाडावर चढायच्या १३ मिमीच्या दोरावर १० मिमी कॉर्डची व्हीटी ही हिच (हिच म्हणजे दोराभोवती कॉर्ड, म्हणजे बारीक दोरी, गुंडाळून केलेली गाठ, जी वजन टाकलं की धरते आणि वरून दाबलं की सरकते), वर चार वेढे आणि खाली दोन फुल्या, हे तुमचं जुनं जुळलेलं गणित. आता दोर ११.७ मिमीचा आहे, कॉर्ड ८ मिमीची, पण तिची लांबी पूर्वीचीच, ८५ सेंटीमीटर. पूर्वी दोर बेचक्यातून तसाच टाकत होतात, आता वर पुलीवाला फ्रिक्शन सेव्हर आहे, म्हणजे दोर सालीवर घासू नये म्हणून फांदीला लावायचं साधन. हिचखालची, ढील ओढणारी छोटी पुली तीच. नव्या मांडणीत त्रास दोन: वर सरकून अंग टाकलं की हिच वीतभर घसरते आणि मग धरते, उतरायच्या वेळी दोन्ही हातांनी दाबूनही सुटत नाही. पाचवा वेढा घ्यावा का, हिचच बदलावी का, की सरळ यांत्रिक उपकरण घ्यावं, असे तुमचे तीन प्रश्न.

वाचणाऱ्या इतरांसाठी एक खुलासा. फुली म्हणजे वेढ्यांच्या खाली कॉर्डचे दोन पाय दोराभोवती जिथे एकमेकांना ओलांडतात ती जागा.

पाचवा वेढा नको. निदान आत्ता तरी नको.

घसरणं म्हणजे पकड कमी आणि न सुटणं म्हणजे पकड जास्त, म्हणून या दोन उलट्या तक्रारी वाटतात. बहुतेक वेळा त्या एकच असतात. अंग टाकलं त्या क्षणी वेढे दोराला टेकलेले नव्हते, सैल होते. म्हणून पहिले काही सेंटीमीटर हिच नुसतीच खाली आली. तेवढ्यात तुमच्या वजनाला वेग आला, आणि मग सगळे वेढे एकदम आवळले. शांतपणे बसलेली हिच आणि धक्क्याने बसलेली हिच यांत फार फरक असतो. धक्क्याने बसलेली दोराच्या आवरणात रुतते, आणि तीच तुम्हाला नंतर सुटत नाही. यात पाचवा वेढा घातला तर तोही सुरुवातीला सैलच राहील, म्हणजे घसरणं तसंच राहील आणि आवळणं वाढेल. खरा प्रश्न वेढे किती हा नाही. हिच वेळेवर का बसत नाही, हा आहे.

आता याचं उत्तर कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगतो, कारण तुमचं वजन, दोराची विण, तो किती वापरलेला आहे, हवा दमट की कोरडी, यांपैकी काहीच मला माहीत नाही. एकाच कॉर्डची, एकाच लांबीची, तितक्याच वेढ्यांची हिच पंचावन्न किलोच्या माणसाला झकास चालते आणि पंच्याण्णव किलोच्या माणसाला हातभर लांब वाटते. त्यामुळे कुणी सरळ ‘चार-तीन बांधा’ असं सांगितलं तर ते त्याच्या शरीराचं आणि त्याच्या दोराचं उत्तर असतं. मी कोणत्या क्रमाने तपासतो आणि का, ते सांगू शकतो.

सुरुवात झाडाच्या वरच्या टोकाला. बहुतेक जण हिच बघतात, पण तुमच्याकडे सर्वांत मोठा बदल वर झाला आहे. दुपदरी पद्धतीत, म्हणजे ज्यात दोर फांदीवरून फिरतो त्या एमआरएसमध्ये, तुमचं वजन दोन पदरांवर वाटलं जातं: एक तुमच्या हार्नेसला जोडलेला पदर आणि दुसरा हिच असलेला. वर घर्षण नसतं तर निम्मं-निम्मं झालं असतं. पण हिच घसरू लागते तेव्हा दोर हिचच्या पदरातून वर जातो, वळतो आणि जोडलेल्या पदरात उतरतो. वरचा आधार या हालचालीला विरोध करतो. म्हणजे तो हिचला मदत करत असतो.

ही मदत किती, ते ढोबळ हिशेबाने बघू. तुम्ही आणि सामान मिळून ९० किलो धरू. सालीवरचा घर्षणांक ०.३ आणि दोराचा अर्धा वळसा धरला, तर जोडलेल्या पदरावर हिचच्या पदराच्या अडीच पट भार येतो. म्हणजे हिचवर जेमतेम २५ किलो, उरलेले ६५ दुसरीकडे. धातूच्या कड्यांचा सेव्हर असेल तर हिचवर साधारण ३० ते ३५ किलो. आणि चांगल्या बेअरिंगची पुली असेल तर ४० च्या वर, जवळजवळ निम्मे. साल ओली आहे की कोरडी, खरबरीत आहे की गुळगुळीत, यावर आकडे हलतील, पण चित्र बदलणार नाही. तुम्ही बेचक्याऐवजी पुली लावलीत तेव्हा हिचवरचा भार दीडपटीहून जास्त वाढला, आणि त्याच दिवशी हिचची कॉर्ड बारीक केलीत.

याचा अर्थ परत उघड्या बेचक्यात दोर टाका असा नाही. घर्षणाने सालीखालचा जिवंत थर भाजतो, दोराचं आवरण खरवडलं जातं, आणि चढताना तुम्ही जीव तोडून ओढता ते वेगळंच. पुली ठेवायची असेल तर ठेवा, फक्त तिच्यासाठी हिच नव्याने लावावी लागणार हे मान्य करा. मला स्वतःला सर्वसाधारण कामाला कड्यांचा सेव्हर आवडतो. चढताना थोडं जास्त ओढावं लागतं, पण उतरताना वरची कडी आपल्या वाट्याचं काम करतात आणि हिच शांत राहते. शेंड्यापासून टोकाच्या फांद्यांवर सतत ये-जा असेल, दोर दिवसभर पळत असेल, तर पुलीचा फायदा खरा आहे. पण आज पुली, उद्या बेचका, परवा कडी असं करत एकच हिच सगळीकडे सारखी वागेल अशी अपेक्षा धरू नका.

आता कॉर्डची लांबी. तुमच्या त्रासाचं मुख्य कारण मला इथे दिसतं, आणि ते कागदावर मांडता येतं. एका वेढ्याला किती कॉर्ड लागते? दोराचा व्यास अधिक कॉर्डचा व्यास, गुणिले ३.१४. जुन्या जोडीत १३ अधिक १०, म्हणजे एका वेढ्याला ७.२ सेंटीमीटर. नव्या जोडीत ११.७ अधिक ८, म्हणजे ६.२. एका फुलीत दोन्ही पाय अर्धा-अर्धा वळसा घेतात, म्हणून ती एका वेढ्याएवढीच कॉर्ड खाते. तुमचे चार वेढे आणि दोन फुल्या मिळून सहा झाले. जुन्या जोडीत ४३ सेंटीमीटर खर्ची पडायचे, नव्या जोडीत ३७. सहा सेंटीमीटर कॉर्ड शिल्लक राहिली, प्रत्येक पायाला तीन. तुम्ही बांधणीत काहीच बदललं नाहीत, तरी पुली हिचपासून तीन सेंटीमीटर खाली गेली.

तीन सेंटीमीटरने काय बिघडतं? वर सरकताना पुली हिचला खालून ढकलते. ती लांब असली की आधी मधला दोर बाक घेतो, कॉर्डचे पाय बाजूला फुगतात आणि मग कुठे हिच सरकते. सरकून थांबल्यावर पाय सैल लोंबतात. अंग टाकलं की आधी ते पाय ताठ व्हायला हवेत, मग फुल्या आवळायला हव्यात, मग वेढे. प्रत्येक पायरीला तुम्ही खाली येता. प्रत्येक ओढीला कमावलेल्या उंचीतला मोठा वाटा असा परत जातो, आणि दमलेला चढणारा हिचला शिव्या घालतो.

मी बसलेल्या हिचच्या शेवटच्या फुलीपासून पुलीच्या माथ्यापर्यंत साधारण दोन बोटांचं अंतर ठेवतो. वजन टाकलेलं असताना मोजायचं, हातात धरून नव्हे. याहून फार कमीही चालत नाही, आणि ही बाजू धोक्याची आहे. पुली इतकी जवळ आली की वेढ्यांचा तळ तिच्या गालांवर (बाजूच्या पट्ट्यांवर) टेकला, तर हिचला खाली दबून आवळायला जागाच उरत नाही. ती उघडी राहते आणि धरतच नाही. नवीन माणूस सैलपणा काढण्याच्या नादात हमखास या टोकाला जातो.

तुमच्याकडे आज करण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि त्यासाठी काही विकत आणायला नको: चार वेढे तसेच ठेवा आणि दोनच्या तीन फुल्या करा. एक फुली बरोबर सहा सेंटीमीटरच्या आसपास कॉर्ड खाईल, म्हणजे जी शिल्लक पडली होती तेवढीच. पाचव्या वेढ्यानेही कॉर्ड तेवढीच खर्च होईल, मग फुलीच का? कारण वेढा ही फार मोठी पायरी आहे. घर्षणांक ०.२ धरला तर एक पूर्ण वेढा पकड साडेतीन पटीने वाढवतो. नव्या, तुळतुळीत दोरासाठी ०.१ धरला तरी जवळजवळ दुप्पट. हिच म्हणजे ड्रमवर गुंडाळलेला दोर नव्हे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, पण पायरीची उंची यावरून कळते. वेढ्याने पकड उडी मारते. फुलीने ती थोडी वाढते आणि सुटणं मात्र बहुधा सोपं होतं, कारण वरून दाब दिल्यावर फुल्या पसरून उघडतात आणि घर्षणाची उष्णताही जास्त लांबीवर वाटली जाते. म्हणून माझा नियम असा: हिच शांतपणे, व्यवस्थित बसवल्यावरही स्थिर वजनाखाली हळूहळू सरकत असेल तरच वेढा वाढवायचा. बसायला वेळ लागत असेल किंवा सुटायला त्रास असेल तर वेढ्यांना हात लावायचा नाही.

पुढच्या वेळी कॉर्ड घेताना ७५ ते ८० सेंटीमीटरची बघा. शिवलेल्या डोळ्यांची (टोकांना शिवलेल्या फाशांची) कॉर्ड घेत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: शिवण असलेला भाग कडक असतो आणि तो फुल्यांमध्ये शिरता कामा नये. कॉर्ड फार आखूड घेतली की नेमकं तेच होतं, शेवटची फुली शिवणीवर येते आणि नीट आवळत नाही. नेमकी लांबी ठरत नसेल तर मी असं करतो: हिच-कॉर्ड म्हणूनच विकली जाणारी, प्रमाणित कॉर्ड मीटरवर घेतो, दोन्ही टोकांना दुहेरी फिशरमन गाठीचे डोळे बांधतो, शेपट्या भरपूर लांब ठेवतो, आणि जमिनीलगत लांबी कमी-जास्त करून बघतो. जुळली की त्या मापाची शिवलेली मागवतो.

कॉर्ड कशाची आहे तेही सांगितलं नाहीत. आवरणात अरामिड (केवलारच्या जातीचा धागा) असेल तर ते उष्णतेला चांगलं टिकतं. नायलॉन आणि पॉलिएस्टर साधारण २२० ते २६० अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळतात. अरामिड वितळतच नाही, बरंच पुढे जाऊन कोळपतं. पण अरामिडला वारंवार दुमडणं आणि ऊन सोसत नाही. डायनिमासारखं पॉलिथिलीन हिचसाठी अजिबात नको: ते १५० अंशांच्या आतच वितळतं आणि मुळात निसरडं असतं. मजबुतीचा आकडा बघून कुणीतरी ते सुचवतंच, म्हणून मुद्दाम सांगितलं.

बारीक कॉर्ड जास्त चावते, जाड कॉर्ड सौम्य धरते. दोरापेक्षा कॉर्ड दोन-तीन मिलिमीटरने बारीक, हा सर्वसाधारण पल्ला आहे. तुमची जुनी जोडी तीन मिलिमीटरच्या फरकाची होती, नवी ३.७ ची आहे. म्हणजे नवी जास्त चावणार, आणि तुमच्या ‘सुटत नाही’ या तक्रारीत याचाही थोडा हात आहे. लांबी दुरुस्त करूनही उतरताना हिच आवळूनच राहिली, तर त्याच दोरावर ९ मिमी कॉर्ड बघायला हरकत नाही. तेव्हा वेढ्याची लांबी पुन्हा मोजा, एका वेढ्याला साडेसहा सेंटीमीटर लागतील.

दोर नवा आहे हेही विसरू नका. नव्या दोराचं आवरण घट्ट आणि गुळगुळीत असतं. काही दिवस वापरल्यावर ते थोडं फुगतं, केसाळ होतं आणि हिच त्यावर जास्त धरू लागते. म्हणजे आज जो वेढा कमी वाटतोय तोच महिन्याभराने जास्त वाटेल. दोर ओला झाला की बहुतेक जोड्या जास्त आवळतात, काही मात्र सुरुवातीला निसटतात. दोरावर चीक किंवा डिंक लागला तर हिच आधी चिकटते आणि मग झटक्याने सुटते, आणि तेव्हा वेढे मोजण्यापेक्षा दोर धुणं हा उपाय असतो. कोमट पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं.

आता लोखंडी आणि अॅल्युमिनियमच्या सामानाकडे. कॅरॅबिनरवर, म्हणजे पुली आणि कॉर्ड अडकवायच्या दाराच्या कडीवर, क्रम असा हवा: कॉर्डचा एक डोळा, मग पुली, मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे एका बाजूला आणि पुली दुसऱ्या बाजूला असेल तर पुली तिरकी लटकते, हिचला एका अंगाने ढकलते आणि वेढे एकावर एक चढतात. मला इथे अंडाकृती कॅरॅबिनर बरं वाटतं, कारण त्यात पुली मधोमध राहते. नाशपातीच्या आकाराच्या रुंद कॅरॅबिनरमध्ये डोळे बाजूला सरकतात आणि भार कण्यावरून ढळतो. कॅरॅबिनर लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटनच्या वर घेतं, आडवं पडलं तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. कुलूप तीन हालचालींनी उघडणारं हवं, आणि सरकता दोर त्याच्या बाहीला (कुलपाच्या फिरत्या नळीला) घासणार नाही अशा बाजूला दार ठेवा. पानं, डहाळ्या, चुकून अडकलेला साखळीचा हूक, हे सगळं बाहीशी खेळतं. वर गेल्यावर दार चाचपून बघायची सवय ठेवा.

पुलीला वरच्या बाजूला जोडलेल्या पदरासाठी वेगळं भोक असेल, तर तो पदर दुसऱ्या कॅरॅबिनरने तिथे लावा. सगळं एकाच कॅरॅबिनरमध्ये कोंबलं की हिच फिरते आणि दोन पदर एकमेकांना पीळ घालतात. पीळ आलेल्या पदरांत घर्षण वाढतं आणि तुम्हाला वाटतं हिच बिघडली. पुलीच्या खाली, ब्रिजवर (हार्नेसच्या पुढच्या जोडदोरीवर), फिरकीची कडी असेल तर हा त्रास बराच कमी होतो, पण फिरकीने मांडणी आणखी लांब होते.

ती लांबी महत्त्वाची आहे. ब्रिज, फिरकी, कॅरॅबिनर, पुली, मग हिच, हे सगळं मिळून हिचचा माथा तुमच्यापासून किती दूर जातो ते मोकळं लटकून बघा. कोपर किंचित वाकलेलं असताना हात वेढ्यांच्या माथ्यावर आरामात पोचला पाहिजे. हात ताणून बोटांच्या टोकांनी दाबावं लागत असेल, तर दोष हिचचा नाही. तुमच्याकडे जोर द्यायला कोनच उरलेला नाही. दोन्ही हात लावावे लागतात असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मला पहिली शंका हीच आली. ब्रिज एक-दोन इंच आखूड करून बघा.

दुसऱ्या प्रश्नाकडे लवकर उरकून जातो. हिच बदलावी का? व्हीटी ही उघडी हिच आहे. ती छान सुटते, नाजूक लावता येते, पण वेढे शिस्तीत नसतील तर बसायला उशीर करते. डिस्टेल, वर चार वेढे आणि खाली एक, जास्त भरवशाने पटकन धरते आणि लांबीतली चूक थोडी पोटात घेते. उतरताना मात्र व्हीटीइतकी गुळगुळीत नसते. श्वाबिश जवळपास तशीच, फक्त घडण प्रुसिकच्या अंगाने जाते. ब्लेक शिकायला उत्तम, पण लांब उतरणीत घर्षण तिच्या थोड्याच भागात एकवटतं आणि तिथे कॉर्ड काचेसारखी चकाकू लागते; शिवाय तिच्या शेपटीला अडवणारी गाठ हवीच. खुद्द प्रुसिक, जी ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकने १९३१ मध्ये प्रसिद्ध केली, दोन्ही बाजूंनी सारखीच धरते, आणि म्हणूनच रोजच्या चढ-उतारासाठी हट्टी पडते. तुम्हाला व्हीटीची सवय आहे, तिच्यावर हात बसलेला आहे. लांबी जुळवून आठवडाभर बघा. तरीही बसायला उशीर करत असेल तर डिस्टेल बांधा. आज हिच आणि लांबी दोन्ही एकदम बदललीत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

म्हणून क्रम असा धरा. आधी वर काय लावणार ते ठरवा आणि ते आठवडाभर बदलू नका. मग कॅरॅबिनरवरचा क्रम आणि ब्रिजची लांबी. मग तिसरी फुली घालून दोन बोटांचं अंतर. मग गरज वाटलीच तर कॉर्डची जाडी. वेढा सर्वांत शेवटी. आणि प्रत्येक बदलानंतर जमिनीपासून गुडघाभर उंचीवर तपासणी.

तपासणी म्हणजे नुसतं बसून बघणं नव्हे. हिच बांधा, प्रत्येक वेढा बोटांनी सरळ करा, एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नको, फुल्या आलटून-पालटून वर-खाली आल्या पाहिजेत. मग कॉर्डचे पाय ओढून हिच बसवा. मग हळू वजन टाका. धरली की उभे राहा, पुलीने हिच हातभर वर न्या आणि या वेळी हाताने न बसवता अंग टाका. वर प्रत्यक्षात असंच होणार असतं. किती घसरली ते दोरावर खूण करून बघा. माझ्या मते चार-पाच सेंटीमीटरपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर वर जायचं नाही. मग हलकेच उसळ्या घ्या, आणि मग सोडून बघा: सुटते का, कुठे अडखळते, दाबणारा हात उचलला की लगेच थांबते का. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जी हिच हात उचलल्यावर रेंगाळत थांबते ती मी वर नेत नाही, मग ती बाकी कितीही गुळगुळीत चालो.

सोडायच्या पद्धतीबद्दलही बोलायला हवं. पूर्ण हिच मुठीत आवळून खाली खेचू नका. तळवा सपाट ठेवून सर्वांत वरच्या एक-दोन वेढ्यांवर दाब द्या. बाकीचे आपोआप सैल होतात. दुसरा हात नेहमी हिचखालच्या दोरावर. घाबरल्यावर माणूस समोर असेल ते घट्ट पकडतो, आणि समोर हिच असते. मुठीत पकडलेली हिच आवळू शकत नाही, उघडीच राहते. म्हणून सपाट तळव्याची सवय जमिनीलगत पक्की करा. आणि हिच खरोखरच रुतून बसली असेल तर बळ लावण्याऐवजी पायाखाली फांदी घ्या किंवा पायात दोर अडकवून क्षणभर उभे राहा. भार उतरला की ती बोटांनी सुटते. झटका देऊन सोडलेली हिच किती खाली नेईल याचा भरवसा नसतो.

उतरण्याचा वेग जपा. दुपदरी पद्धतीत तुम्ही एक मीटर खाली येता तेव्हा हिचमधून दोन मीटर दोर जातो, म्हणजे हिचच्या दृष्टीने तुमचा वेग दुप्पट असतो. ९० किलो १५ मीटर खाली आणलं की १३ किलोज्यूलच्या वर ऊर्जा कुठेतरी उष्णता होऊन जाते. बेचक्यात किंवा कड्यांत तिचा काही भाग वरच खर्च होतो; पुलीवर जवळजवळ सगळी हिचमध्ये. त्यामुळे पुलीवर पूर्वीच्याच वेगाने उतरलात तर कॉर्ड पूर्वीपेक्षा बरीच जास्त तापेल. दोराच्या शेवटी अडवणारी गाठ मारलेली असू द्या, बारीक दोरावर उतरताना शेवट कधी आला ते कळत नाही. आणि करवत चालवताना दुसरा आधार, म्हणजे कमरेचा लॅनयार्ड, हवाच. हिच कितीही छान जुळली तरी.

कॉर्ड रोज वाकवून, दाबून बघा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. हिच-कॉर्डचं उलट असतं, वेढे शाबूत दिसतात आणि आतला गाभा संपलेला असतो. चकाकलेला कडक पट्टा, एखाद्या जागी चपटेपणा, बोटाला लागणारी पोकळी, आवरणाचे तुटलेले धागे, यांतलं काहीही दिसलं तर कॉर्ड कापून टाका. कापूनच, म्हणजे दुसरं कुणी चुकून उचलणार नाही.

एक इशारा, कारण बारीक दोर घेणारे बरेच जण पुढे एकपदरी पद्धतीकडे वळतात. इथे जुळवलेली हिच एकपदरी, स्थिर दोरावर तशीच वापरू नका. तिथे पूर्ण ९० किलो एकट्या हिचवर येतात, वरून कसलीही मदत नसते, आणि हिच आवळली की सुटत नाही. त्यासाठी हिचच्या वर दोराला वाकवून भार वाटून घेणारं रेंचसारखं साधन लागतं, आणि त्याची जुळवणी वेगळी असते.

आता तिसरा प्रश्न, यांत्रिक उपकरण. ही उपकरणं चांगली आहेत आणि मीही वापरतो. ती दर वेळी सारखी धरतात, बसायला जवळजवळ अंतर घेत नाहीत, दिवसभराच्या कामात मनगट वाचवतात. पण त्यांत तुम्हाला जुळवता येण्यासारखं फार थोडं असतं. कोणत्या व्यासाचा, कोणत्या प्रकारचा दोर चालेल हे निर्माता ठरवतो, आणि त्या यादीबाहेरचा दोर घातला तर ते घसरतं किंवा अडकतं, आणि तिथे फुली वाढवायची सोय नसते. तुमचा ११.७ मिमी दोर त्या यादीत आहे का, ते घेण्याआधी माहितीपत्रकात बघा. वरचा पुलीवाला सेव्हर उपकरणालाही तितकाच भार देणार आहे. आणि उपकरण झिजलं, चिकाने भरलं किंवा कामाच्या मध्येच संशयास्पद वाटलं, तर खाली यायला तुमच्या कमरेला लटकणारी ८ मिमीची कॉर्डच उपयोगी पडणार आहे. तेव्हा आधी ती जुळवा. उपकरण त्यानंतर खुशाल घ्या, आणि कॉर्ड तरीही सोबत ठेवा.

तिसरी फुली घालून बघितल्यावर दोन आकडे कळवा: वजन टाकलेलं असताना फुली आणि पुली यांच्यातलं अंतर, आणि हाताने न बसवता अंग टाकल्यावर हिच किती सेंटीमीटर घसरते. कॉर्डचं आवरण कशाचं आहे तेही लिहा. एवढं कळलं की ९ मिमी घ्यायची की नाही, हे नेमकं सांगता येईल.